खाडा

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी मी, आयटी कंपनीतली एचआरवाली, ४३ जणांना एकच मेल पाठवला. मजकूर माझाच, लीगलवाल्यांनी त्यात दोन शब्द बदलले होते एवढंच. "आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात येणे अपेक्षित असताना आपली उपस्थिती कमी आढळून आली आहे" वगैरे. इंग्रजीत होता अर्थात, पण मला तो मराठीतच ऐकू येत होता, कारण हेच "आढळून आली आहे" मी २००३ साली भोसरी एमआयडीसीत एका वॉर्निंग लेटरवर टाइप केलं होतं. तेव्हा टेबलाखाली ऑइलच्या रिकाम्या डब्याचं डस्टबिन होतं आणि आता हिंजवडीत सातव्या मजल्यावर काचेतून मेट्रोचे खांब दिसतात, बाकी वाक्य तेच. सेंड केलं आणि कॉफी आणायला गेले.

त्या ४३ जणांत एक पोरगा आहे. गेल्या गणपतीत, विसर्जनाच्या रात्री, क्लायंटचं काहीतरी बंद पडलं तेव्हा हा पोरगा घरून रात्री अकरापासून पहाटे साडेपाचपर्यंत कॉलवर होता. मला माहितीये कारण दुसऱ्या दिवशी त्याच्या मॅनेजरने सगळ्या ग्रुपवर त्याला टाळ्या वाजवल्या होत्या, मी पण वाजवल्या, तो पिवळा हात दाबून. पण माझ्या डॅशबोर्डवर टाळ्यांचा कॉलम नाहीये. तिथे फक्त गेटवरचं स्वाइप येतं, आणि त्या आठवड्यात त्याचे स्वाइप दोनच.

मला कॉलेजवाले अधूनमधून गेस्ट लेक्चरला बोलवतात, विषय ठरलेला, एचआरमधले नवे ट्रेंड्स. मी पण जाते, स्लाइडा करते, हायब्रिड, एआय, वेल-बीइंग, स्किल बेस्ड हायरिंग, पोरं फोटो काढून घेतात. आमच्या खात्याची नावं पण किती बदलली बघा, मी लागले तेव्हा दारावर "पर्सोनेल अँड अॅडमिन" होतं, मग ह्युमन रिसोर्स झालं, आता माझ्या कार्डावर पीपल पार्टनर लिहिलंय जे मी सासूबाईंना अजून समजावू शकलेले नाही. पण खरं सांगू का, एवढ्या वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळ काय केलं असेल तर हजेरी घेतली. शाळेतल्या बाईंसारखी.

माझी सुरुवात टाइम ऑफिसमधली. पुणे विद्यापीठातून एमपीएम, म्हणजे पर्सोनेल मॅनेजमेंट केलं, बरोबरच्या मुली बँकांत आणि कन्सल्टन्सीत गेल्या, मी भोसरीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत. टाइम ऑफिस म्हणजे गेटच्या लगेच आत एक खोली, त्यात पंचिंग मशीन, भिंतीवर कार्डांचे रॅक, डावीकडे आउट आणि उजवीकडे इन. सकाळी पावणेसातला फर्स्ट शिफ्टची रांग लागायची आणि खट्, खट्, खट् असा आवाज सुरू व्हायचा. सातनंतरचं पंच लाल शाईत उमटायचं, मशीनच्या रिबनलाच दोन रंग. तीन लाल झाले की हाफ डे. आमचे टाइमकीपर काका, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, ते कार्ड हातात घेऊन न बघता सांगायचे की ह्याच्या गावाकडे जत्रा आहे, सोमवारी खाडा पडणार. आणि पडायचाच. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं, "मॅडम, कार्डाला दोन बाजू असतात हे विसरू नका." मला वाटलं पुढची आणि मागची. बरेच दिवस मला तेच वाटत होतं.

बाबांना ते आधीपासून माहीत होतं. बाबा पिंपरीत एका मोठ्या कारखान्यात मशीनिस्ट होते, व्हीआरएस घेऊन बाहेर पडले. त्यांच्या वेळी कार्ड नव्हतं, पितळी बिल्ला होता, त्यावर नंबर. बोर्डावरचा आपला बिल्ला उचलायचा, पेटीत टाकायचा, भोंगा झाला की पाच मिनिटांनी पेटी बंद. आज त्यांना माझा मोबाईल नंबर पाठ नाही पण बिल्ल्याचा नंबर झोपेत विचारा. मी एकदा त्यांना म्हटलं की बाबा किती अपमानास्पद ना, माणसाला नंबर. तर म्हणाले, "अगं अपमान कसला, तो बिल्ला माझा साक्षीदार होता. मी आत होतो हे साहेबाला नाकारता येत नव्हतं. आठ तासाच्या वर थांबलो तर डबल मिळायचं, ते कुणाच्या मेहरबानीवर नाही, बिल्ल्यावर."

डबल म्हणजे ओटी, ओव्हरटाइम. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टच्या ५९ व्या कलमात होतं ते, दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं की दुप्पट दराने पैसे. म्हणून त्या खट् आवाजाला दोन बाजू होत्या. उशिरा आलास तर तुझे कापणार, पण उशिरा गेलास तर आमचे जाणार. एकच मशीन, एकच कार्ड.

आता ह्याला लगेच सोन्याचे दिवस म्हणू नका, कारण मी त्याच टाइम ऑफिसमध्ये बसून काय केलंय तेही सांगते. आमच्याकडे टेम्पररी मुलं असायची, बहुतेक मराठवाड्यातली, आयटीआय झालेली, खोलीत सहा-सहा जण राहणारी. महाराष्ट्राच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नमुना नियमांत, तरतूद अशी होती की टेम्पररी कामगाराचे बारा महिन्यांत २४० दिवस भरले की तो परमनंट धरायचा. मग कंपन्या काय करायच्या, सात महिन्यांनी ब्रेक द्यायचा. कुठल्याही एमआयडीसीत विचारा, ब्रेक म्हणजे काय ते चहाच्या टपरीवाला पण सांगेल. तर दर महिन्याच्या वीस तारखेला एक्सेल उघडून कुणाचे दिवस २०० च्या पुढे गेले त्यांची यादी काढायची हे माझं काम होतं. पिवळा रंग करायचे मी त्या ओळींना. एक मुलगा, सात महिन्यांत एकही खाडा नाही, काका म्हणायचे हा पोरगा घड्याळ आहे घड्याळ, आणि खाडा नाही म्हणूनच तो यादीत सगळ्यात वर आला. त्याला मी सांगितलं उद्यापासून येऊ नकोस, दोन महिन्यांनी फोन करू. तो म्हणाला, "मॅडम, मी सुट्ट्या घेतल्या असत्या तर राहिलो असतो का?" मी काहीतरी पॉलिसीचं बोलले. फोन आम्ही केला नाही.

२००९ मध्ये मी आयटीत आले. पहिल्या दिवशी वाटलं अरे वा, इथे भोंगा नाही, लाल शाई नाही, फ्लेक्सी टायमिंग, कॅन्टीनला केव्हाही जा. गळ्यातलं कार्ड दाराला टेकवलं की टिंग, तेही म्हणे फक्त सिक्युरिटीसाठी. आणि मला वर्षभर लागलं हे कळायला की इथे कार्डाची एक बाजूच गायब आहे. लोक रात्री दहा-दहा वाजता निघताहेत, अमेरिकेबरोबरचे कॉल साडेनऊला सुरू होताहेत, शनिवारी रिलीज आहे म्हणून येताहेत, आणि ते कुठेच लागत नाहीये. मी माझ्या साहेबांना विचारलं, भोसरीची सवय, की सर ह्यांचा ओटी कोण काढतं. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यातही तासांची मर्यादा आहे, दुप्पट ओटी आहे, सगळं आहे, पण व्यवस्थापकीय, देखरेखीच्या आणि विश्वासाच्या पदांवरच्या लोकांना त्यातून सूट आहे. मग आमच्याकडे काल लागलेला पोरगाही असोसिएट कुठलातरी, लीड कुठलातरी, विश्वास तर सगळ्यांवरच आहे.

मग कोविड आला. २४ मार्च २०२० ला रात्री लॉकडाऊन जाहीर झाला त्याच्या आधीच्या दोन दिवसांत आम्ही डेस्कटॉप लोकांच्या गाड्यांत भरत होतो, एकाने तर खुर्ची पण नेली आणि ती अजून परत आलेली नाही. तेव्हा पहिल्यांदा असं झालं की हजेरी घ्यायला गेटच नव्हतं. आणि काम चाललं, हे सगळ्यात आश्चर्य. टीसीएससारख्या कंपनीने त्याच वर्षी जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत त्यांची फक्त २५ टक्के माणसं ऑफिसातून काम करतील. लोक गावी गेले, साताऱ्याहून, अकोल्याहून, कणकवलीहून लॉगिन करायला लागले, एका मुलीने मला सांगितलं की लग्नानंतर पहिल्यांदा ती आईकडे चार महिने राहिली. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच टीसीएसने पाचही दिवस ऑफिस केलं. बाकीचेही मागेपुढे त्याच रस्त्याने, आणि रस्ता म्हणजे हिंजवडीच्या वाटेवरचा कायम तुंबलेला भूमकर चौक, त्यामुळे लोकांचा राग तुम्ही समजू शकता.

मधल्या काळात गेट नव्हतं तर हिरवा ठिपका होता. टीम्सवर नावापुढे असतो तो. पाच मिनिटं माऊस हलला नाही की पिवळा. मॅनेजर लोक मला स्क्रीनशॉट पाठवायचे, बघा हा दुपारी दोन ते तीन पिवळा होता. मग लोकांनी माऊस हलवणारी यंत्रं घेतली, ऑनलाइन मिळतात, काहींनी माऊस टेबल फॅनला बांधला (हे मी स्वतः व्हिडिओ कॉलवर पाहिलंय आणि काही बोलले नाही). अमेरिकेत २०२४ मध्ये वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचं खोटं भासवलं म्हणून डझनभराहून जास्त लोक काढले. आणि ह्यात फक्त आमच्या एसीतल्या लोकांची गंमत आहे असं नाही. मनरेगाच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल अॅपवर दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो काढून हजेरी लावायची सक्ती आली. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास खात्यालाच परिपत्रक काढावं लागलं की लोक भलतेच फोटो चढवताहेत, फोटोचा फोटो काढताहेत. नागपूर महापालिकेने तर सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली होती. म्हणजे नाली साफ झाली का हे बघायला कुणी जाणार नाही, पण नालीपाशी मनगट होतं का हे मात्र उपग्रह बघणार. आमचं पण तेच. त्या पोराने विसर्जनाच्या रात्री काय दुरुस्त केलं हे समजायला त्याच्या मॅनेजरला डोकं लावावं लागेल, स्वाइप मोजायला माझं एक्सेल पुरतं.

२०२२ मध्ये मूनलाइटिंगचं, म्हणजे नोकरी सांभाळून गुपचूप दुसरीकडे काम करण्याचं गाजलं तेव्हाही मी ह्याच खुर्चीत होते. विप्रोने ३०० लोक काढले, त्यांच्या चेअरमननी ती सरळ फसवणूक आहे असं जाहीर म्हटलं. सगळ्या कंपन्यांनी मग पीएफचे यूएएन, म्हणजे खात्यांचे नंबर तपासायला घेतले, एकाच महिन्यात दोन ठिकाणाहून पीएफ जमा दिसला की सापडला. आम्हाला दोन सापडले. फॅक्टरीत हे नवीन नाही, एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करायला त्याच जुन्या फॅक्टरी कायद्याच्या ६० व्या कलमात बंदी होती, पण तिथे त्या बंदीच्या एक कलम आधी दुप्पट ओटी पण होता ना. इथे आम्ही ६० वं कलम तेवढं उचलून आणलं. माझं वैयक्तिक मत, जे मी अर्थातच त्या मीटिंगमध्ये बोलले नाही, असं की संध्याकाळी सातनंतरचा वेळ तुमचा नाही म्हणायचं आणि त्याचे पैसेही द्यायचे नाहीत, दोन्ही कसं जमेल. त्या दोघांना अर्थात मीच काढलं.

आठवड्याला ७० तास, ९० तास वाल्या चर्चा तुम्ही ऐकल्या असतीलच, त्यात मी पडत नाही. फक्त एवढंच की नारायण मेघाजी लोखंडेंनी १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली, ती १० जून १८९० पासून मिळाली, आणि मला रविवारी सकाळी साडेआठला "क्विक कॉल?" असा मेसेज येतो. सुप्रिया सुळेंनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत राइट टू डिस्कनेक्टचं खासगी विधेयक मांडलं, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क. डिसेंबर २०२५ मध्ये परत मांडलं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे काय होतं ते माहितीच आहे. आमच्या ऑफिसात त्यावर जोक झाला, की त्याची माहिती देणारा कॉल रात्री नऊला ठेवू.

कायदा मात्र बदललाय, २१ नोव्हेंबर २०२५ ला चार लेबर कोड लागू झाले, २९ जुने कायदे त्यात गेले. त्या शुक्रवारी संध्याकाळी आमचा पेरोलवाला मला म्हणाला "मॅडम मी लग्नाला चाललोय" आणि गेला नाही. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून एकूण पगाराच्या निम्म्याच्या खाली गेलं तर वरचे अलाउन्स वेतनात धरायचे, म्हणजे आम्ही इतकी वर्षं स्पेशल अलाउन्सच्या पोटात जे दडवत होतो ते बाहेर. प्रत्येकाला अपॉइंटमेंट लेटर. फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठराविक मुदतीच्या करारावरच्या माणसाला, पाच ऐवजी एका वर्षाने ग्रॅच्युइटी. आणि राजीनामा दिलेल्या माणसाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत, जिथे आम्ही फुल अँड फायनलला ४५ दिवस आरामात घेत होतो आणि वर लॅपटॉपचा चार्जर आला नाही म्हणून आणखी पंधरा. ते एक वर्षाच्या ग्रॅच्युइटीचं वाचताना मला तो २०० दिवसांचा पोरगा आठवला. पण फिक्स्ड टर्मवाल्याला परमनंट करायचा प्रश्नच नाही, मुदत संपली की संपलं, आता ब्रेकची यादी पण काढावी लागणार नाही. चांगलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एआयचं लिहिलं नाही तर पोरं म्हणतील मॅडम जुन्या झाल्या, म्हणून लिहिते. आमच्याकडे एका जागेला शेकड्याने रेझ्युमे येतात, सगळे चॅटजीपीटीने लिहिलेले, सगळे "रिझल्ट ओरिएंटेड". ते वाचायला आमचं सॉफ्टवेअर, म्हणजे मशीनने लिहायचं आणि मशीनने नापास करायचं. इंटरव्ह्यूत उमेदवाराचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात. ह्या सगळ्याला कंटाळून आमचे मॅनेजर शेवटी काय म्हणतात माहितीये, ओळखीचा कुणीतरी आण रे, रेफरल बोनस देतो. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत असेच लागले होते, गावचा एक जॉबर, म्हणजे माणसं भरती करणारा मुकादम होता त्याने आणलं. फरक एवढाच की तेव्हा दस्तुरी, म्हणजे जॉबरचं कमिशन, कामगार द्यायचा, आता बोनस कंपनी देते.

तर त्या शुक्रवारी मेल पाठवून मी घरी आले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी थांबल्या होत्या, महिना संपत आला होता, हिशेब करायचा होता. फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय लटकलेलं असतं, त्यावर दुधाचे आकडे असतात आणि मावशींच्या खाड्यांच्या फुल्या. माझ्या आईकडे पण असंच असायचं. मी बघितलं, चार फुल्या होत्या, दोन खाडे आपल्याकडे चालतात, दोनाचे कापायचे. मी म्हटलं मावशी चार झाले ह्यावेळी. त्या म्हणाल्या, "हो ताई, पोराला दवाखान्यात नेलं होतं. पण ते पाहुणे आले होते तुमचे, तीन दिवस संध्याकाळची पण भांडी घासली, ते कुठं लिवलंय?"

मी कालनिर्णयाकडे बघत राहिले. फुली कशाची ते घरात सगळ्यांना माहितीये. जास्तीच्या कामाची खूण काय करायची हे आमच्याकडे कधी ठरलंच नव्हतं.

पैसे कापले नाहीत, तीन दिवसांचे वर दिले, किती द्यायचे ह्यावर थोडी घासाघीस पण झाली कारण मी डबल म्हटलं आणि त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. जाताना त्यांनी मोबाईल काढून कालनिर्णयाचा फोटो काढून घेतला. म्हटलं हा कशाला. म्हणाल्या, "असू द्या. पुढच्या महिन्यापासून मी पण लिहिते, मग दोघी मिळून जुळवू."

सोमवारी त्या पोराचं उत्तर आलं, एका ओळीचं. विसर्जनाच्या रात्रीच्या कॉलचा लॉग जोडला होता आणि खाली लिहिलं होतं, कृपया हे स्वाइपमध्ये धरावे. मी ते अजून कुणाला फॉरवर्ड केलेलं नाही. डॅशबोर्डवाल्याला विचारलं की एक कॉलम वाढवता येईल का, तो म्हणाला बिझनेस केस द्या. लिहायला घेतलीये.